एक्केचाळीस किलोची सवारी

यवतमाळ जिल्ह्यात जायला निघालो तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तिकडं ऊन मरणाचं. दोन, तिकडं बघण्यासारखं काही नाही. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी निघाली. दुसरी सांगणारा एकही जण कधी तिकडं गेलेला नव्हता, म्हणून म्हटलं आता आपणच लिहावं.

माझं गॅरेज कोल्हापुरात. डोंगरात, चिखलात पळणाऱ्या गाड्यांचे शॉकअप आणि स्प्रिंगा बसवून देणं हा माझा धंदा. खोटं कशाला बोलू, या कामात माझा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही. माझे व्हिडिओ लोक मोबाईलवर बघतात आणि फोन करतात. आर्णीकडच्या एका तांड्यावरून प्रकाशचा फोन आला तो असाच. बंद पडलेल्या एका रिसॉर्टची साईड-बाय-साईड त्यानं विकत घेतली होती. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन सीटा शेजारी-शेजारी, वर लोखंडी पिंजरा, चार गुबगुबीत चाकं आणि मागं सामानाला छोटा हौदा. रस्ता नसेल तिथं चालायला बनवलेली.

"भाऊ, गाडी लय आपटते," प्रकाश म्हणाला.

"आपटणारच. शेतातनं जाते ना?"

"माझ्यासाठी नाई जी. माह्या आईले न्यायचं हाये."

त्याची आई सोनाबाई दोन वर्षांपूर्वी तुरीच्या गंजीवरून पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं, आत दोन सळ्या घातल्या. काठी घेऊन अंगणात फिरते, खुर्चीत बसते. पण डॉक्टरांनी बजावलंय की दणका बसता कामा नये. आणि आता तिच्या भावाच्या मुलीचं, ज्योतीचं, लग्न ठरलं होतं. ज्योतीची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवली आत्यानं. भावाचा तांडा डोंगरापलीकडं, चौदा किलोमीटरवर. डांबरी रस्त्यानं गेलं तर चाळीस, आणि तरी शेवटी गोट्यांचा नाला ओलांडावाच लागतो, त्यात जीप उतरत नाही. दोन वर्षांत सोनाबाईनं तांड्याची वेस ओलांडलेली नव्हती. ज्योतीनं निरोप पाठवला होता की आत्याच्या गळ्यात पडल्याशिवाय मी सासरच्या गाडीत बसणार नाही.

लग्न पाच दिवसांवर. मी पान्हे भरले आणि एसटीत बसलो.

उमरखेड

नांदेड सोडलं की मराठवाडा हळूच संपतो आणि उमरखेडला उतरल्यावर कानाला कळतं की आपण विदर्भात आलो. चहाच्या टपरीवर मी विचारलं, "आर्णीची गाडी किती वाजता?" तर टपरीवाला म्हणतो, "कायले घाई करून राह्यले? बसा ना बाप्पा, पोहे खा." आमच्याकडं मिसळीला कट असतो, इथं पोह्यांवर तर्री ओततात. पोह्यांवर! मी नाक मुरडलं, एक प्लेट खाल्ली, मग दुसरी मागितली. तर्रीनं नाकातोंडातून धूर निघाला, पण कोल्हापूरच्या माणसानं पाणी मागायचं म्हणजे इज्जतीचा सवाल. घाम पुसत बसून राहिलो. टपरीवाला सगळं ओळखून होता. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

तांडा, पहिला दिवस

आर्णीला प्रकाश मोटरसायकल घेऊन आला होता. तिशीचा, अंगानं दणकट, नव्वद किलोचा गडी. कापसाची रानं मोकळी पडलेली, उपटलेल्या वाळक्या पळाट्यांचे ढीग बांधावर, सागाला एक पान नाही. आमच्याकडं उन्हाळ्यातही उसाचा हिरवा पट्टा डोळ्यांपुढं असतो. इथं काळी भुई नुसती भेगाळून पडलेली, आणि तिच्यावरून वाऱ्याची झळ आली की पापण्या चटचटतात. पण मोहाच्या झाडांखालून गेलो तेव्हा असा वास आला की मी प्रकाशला गाडी थांबवायला लावली.

तांड्यात शिरलो तर ओट्यावर सोनाबाई बसलेली. बारीक अंगाची, कमरेला पट्टा, केसांत चांदीचे जुने घुंगरू. तिला घरात सगळे याडी म्हणतात. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हाच का मिस्त्री?" तिनं लेकाला विचारलं. "चांगला धिप्पाड हाये."

मिस्त्री! कोल्हापुरात मला लोक सर म्हणतात. पण सुनेनं पाण्याचा तांब्या आणि ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी पुढं ठेवली, आणि मी मिस्त्री व्हायला कबूल झालो.

जेवून गाडीखाली शिरलो आणि हसूच फुटलं. चारी शॉकअपांच्या स्प्रिंगा अगदी शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेल्या. टायरांत बत्तीसची हवा. पंक्चरवाल्यानं जीपला भरतात तेवढी ठासली होती. या गाडीच्या टायरात बारा भरपूर होते, टायर म्हणजे तिची पहिली गादी.

"स्प्रिंगा कुणी आवळल्या?"

"मीच," प्रकाश म्हणाला. "माल टाकला का गाडी खाली बसून राह्यली होती. बाज सैल झाली का आपन सुंभ ताणतोच ना? तशी ताणली."

बोला आता! बाजेचा न्याय त्यानं गाडीला लावला होता. गाडीची स्प्रिंग आधीच आवळून ठेवली की तिला बारीक धक्क्याला दबायला जागाच उरत नाही. सगळा धक्का सरळ सीटवर, आणि सीटवरून मणक्यात. मी त्याला हे सांगितलं. तो मान डोलवत म्हणाला, "मंग आमची बाज बी चुकीची ताणून राह्यलो का आमी?" त्या रात्री मी त्यांच्या ताणलेल्या बाजेवर झोपलो आणि झकास झोप लागली.

दुसरा दिवस

ऊन चढायच्या आत काम उरकलं. हवा बारावर आणली. स्प्रिंगा सैल केल्या. चाकांचे सांधे धुळीनं जाम झाले होते, ते उघडून साफ केले, ग्रीस भरलं. मग प्रकाश स्टिअरिंगला बसला. परदेशी घडणीची गाडी, म्हणून स्टिअरिंग डावीकडं. उजवीकडं, याडीच्या सीटवर, मी. मांडीवर वही, हातात पान्हा. तांड्याजवळच्या ओढ्यापर्यंत गेलो आणि आलो. आल्यावर थोडं फिरवलं, परत गेलो. चार फेऱ्यांत गाडी अशी झाली की काय सांगू! गोट्यांवरून जाताना आतडी हलत नव्हती.

"लोणी!" मी ओरडलो. "उद्या आईंना बसवा."

प्रकाशनं मला मिठीच मारली. संध्याकाळी कोंबडी कापली. चुलीवरचा काळ्या मसाल्याचा रस्सा आणि हातावर थापलेली जाड भाकर, तिला ते बाटी म्हणतात. मी पांढऱ्या रश्श्याचं कौतुक सांगायला लागलो, तर याडी म्हणाली, "रस्सा पांढरा? तिखट संपलं होतं काय?" सगळा ओटा हसला. मीही हसलो. त्या दिवशी मला कशाचंही काही वाटलं नसतं. काम फत्ते होतं.

तिसरा दिवस

सकाळी याडीला उशी लावून बसवली. प्रकाश बैलगाडीच्या चालीनं निघाला. मी शेजारून चालत होतो, हात मागं बांधून, बक्षीस घ्यायला निघाल्यासारखा.

दोनशे पावलंही झाली नसतील. पहिल्या खडकाळ उतारावर याडीच्या तोंडून असा आवाज निघाला की प्रकाशनं जागीच गाडी बंद केली. तिनं पिंजऱ्याची नळी दोन्ही हातांनी गच्च धरली होती आणि ओठ पांढरे पडले होते. आम्ही तिला बाजेवर घालून घरी आणली.

माझी अवस्था काय सांगू. आधी मी रस्त्याला दोष दिला. मग सीटला. मग प्रकाशच्या गाडी चालवण्याला. तो बिचारा ओट्याच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसला. सून म्हणाली, "राहू द्या ना जी आता. ज्योतीले फोन करून सांगतो का आत्या नाई येत." मला लाज वाटली. खरंच वाटली. परवा लग्न, आणि मी काल कोंबडी खाऊन बसलो होतो.

तेवढ्यात प्रकाशचे चुलत आजोबा पुढं आले. ऐंशीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. दोन दिवस ते कडुनिंबाखाली बसून नुसतं बघत होते.

"मिस्त्री, एक इचारू? तुमचं वजन किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"आन् हिचं?"

प्रकाशनं सांगितलं, दवाखान्यात एक्केचाळीस भरलं होतं.

"मंग?" काका म्हणाले. "आमचे बाप-आजे बैलाच्या पाठीवर गोण्या टाकून धान्य नेत, मीठ आनत. या बाजूच्या गोणीत आन् त्या बाजूच्या गोणीत पसाभर फरक पडला तं बैलाची पाठ सोलून निघे. तुमी काल इकडे नव्वद टाकले, तिकडे अठ्ठ्यान्नव. आज तिकडे एकेचाळीस. बैल असता तं त्यानं लाथच घातली असती."

हात्तिच्या! वीस वर्षं या धंद्यात काढली आणि गाडी बसवली कुणाच्या वजनावर, तर माझ्या. माझ्या ढेरीखाली जी स्प्रिंग लोण्यासारखी दबली, ती या बाईखाली दबतच नव्हती. दगड आला की चाक वर, सीट वर, बाई वर. आमच्याकडं शर्यतीच्या गाडीत दोन्ही सीटांवर तगडी माणसं असतात, त्यामुळं हा विचार मला कधी करावाच लागला नव्हता. हे काही कारण नाही, पण खरं ते सांगितलं.

मी पान्हा उचलला आणि बाहेर निघालो, तर बाजेवरून आवाज आला.

"मिस्त्री भाऊ, मले कोनी इचारलं का, कुठी लागते म्हून?"

मी थांबलो. नव्हतं विचारलं. मी नाही, प्रकाशनं नाही, कुणीच नाही. तीन दिवस तिच्यासाठी धावपळ चाललेली, आणि तिला मात्र पोत्यासारखी उचलून ठेवत होतो.

मी बाजेशेजारी जमिनीवर बसलो. "सांगा याडी. कुठं लागतं?"

"वर जाताना नाई लागत," ती डोळे मिटून म्हणाली. "दगडावर चाक चढते, तवा ठीक. मंग गाडी मले वर फेकते, झटकन. आन् सोडून देते. खाली येतो तवा दनका बसते, इथी, पट्ट्याच्या खाली. मागच्या चाकाचा जास्त. पुढच्याचा कमी."

आईशप्पथ, माझ्या अंगावर काटा आला. मोठमोठे गाडीवाले मला "काहीतरी गडबड आहे" याच्यापुढं सांगू शकत नाहीत. या बाईनं दुखण्यातून शॉकअपचं अख्खं निदान केलं होतं. दबलेली स्प्रिंग परत उसळते, तिला किती हळू उसळू द्यायचं ते ठरवणारं, घराघरानं फिरणारं एक बटण शॉकअपच्या खाली असतं. हलक्या माणसाखाली जाड स्प्रिंग असली की ती चवताळून उसळते. तिला आवरायचं होतं.

दुपारभर तेच केलं. आधी काकांनी मोजून-मापून तुरीचं एक पोतं हौद्यात याडीच्या बाजूला, अगदी तिच्या पाठीमागं, बांधलं. दोन्ही बाजू हातानं दाबून त्यांनी मान हलवली, मगच आम्हाला हात लावू दिला. नुसत्या त्या पोत्यानंच निम्मं काम झालं. मग घरापासून कडुनिंबापर्यंतचा सपाट तुकडा धरला आणि त्यात एक वीतभर उंच दगड आडवा ठेवला. याडी म्हणाली, बसते. प्रकाश नको म्हणाला. ती त्याच्यावर असं काही त्यांच्या बोलीत डाफरली की तो गुपचूप स्टिअरिंगला गेला.

चाक दगडावरून गेलं की ती हात वर करून सांगायची.

"फेकते अजून."

मी खाली शिरून बटण एक घर फिरवायचो.

"आता कमी. पन मागचं फेकतेच."

अजून एक घर. अजून एक. मागच्या शॉकअपला पाचव्या घरावर ती म्हणाली, "बस." मी हावरट माणूस, म्हटलं अजून एक बघूया. लगेच पकडलं तिनं. "आता जड झाली. दबली का दबूनच बसते, दुसऱ्या दगडाले मंग उठत नाई. मांगचंच बरं होतं." मी एक घर मागं आलो. अगदी बरोबर होती ती, बटण जास्त आवळलं की हेच होतं.

सतरा फेऱ्या झाल्या. घामानं मी ओलाचिंब, आणि ती मात्र सीटवर बसून हुकूम सोडत होती. शेवटच्या फेरीला ती काही बोललीच नाही. प्रकाशनं घाबरून वळून बघितलं, तर याडी पदर सावरत बसलेली.

"काय झालं?"

"कायचं काय? दगड आला होता का?"

नाल्यापलीकडं

लग्नाच्या दिवशी उजाडताच निघालो. पुढं गाडी, मागं मोटरसायकलवर मी, आणि माझ्यामागं वाट दाखवायला काका. डोंगर म्हणजे आमच्या सह्याद्रीपुढं टेकडीच, पण वाट अशी की देवा रे! मुरूम, खडक, मध्येच बैलगाडीच्या चाकोऱ्या. याडीला दोन वर्षांनी तांड्याबाहेरची हवा लागली होती. ती प्रत्येक झाडापाशी काही ना काही बोलत होती. हे मोहाचं झाड कुणाचं, त्या शेतात विहीर कधी खणली, कुणी बांध सरकवला. प्रकाश हूं हूं करत होता.

निम्म्या वाटेवर ती एकदम म्हणाली, "थांब रे. माही बाजू हलकी झाली."

आम्हाला कुणालाच काही जाणवलं नव्हतं. उतरून बघतो तर हौद्याच्या पत्र्याच्या कडेला घासून पोतं फाटलेलं, आणि मागं वाटेवर तुरीची बारीक धार. पाव पोतं तरी गेलं होतं आणि उरलेलं गळतच होतं. मी म्हटलं, चला, वेळ होतोय. काका मला म्हणाले, "दाना टाकून जाऊ काय?" आणि ऐंशी वर्षांचा माणूस वाकून पागोट्यात तूर भरायला लागला. मग काय, मीही वाकलो. पाऊण तास गेला.

पण पोतं परत बांधण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि पुढं तर गोट्यांचा नाला. मी इकडं-तिकडं बघितलं. दगड भरावेत तर ते हौद्यात गडगडणार. प्रकाश, काका आणि याडी तिघंही माझ्याकडं बघत होते. माझ्याकडं म्हणजे माझ्या पोटाकडं.

"बसा ना जी," याडी म्हणाली.

मोटरसायकल एका शेतातल्या खोपीपाशी लावली, फाटकं पोतं खोपीत ठेवलं. पागोट्यातली तूर मांडीवर घेऊन काका हौद्यात, प्रकाशच्या पाठीमागं. आणि कोल्हापूरचा नामांकित शॉकअपवाला याडीच्या पाठीमागं हौद्यात, गुडघे छातीशी घेऊन, पोतं झाला. शेवटचे सहा किलोमीटर मी असा गेलो. जे काही दणके त्या नाल्यानं दिले ते मी खाल्ले, कारण हौद्याला गादी नसते. पुढून याडीचा आवाज आला, "आता झ्याक झाली. परवाच्याहून बरी." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पलीकडच्या तांड्यात मांडव पडला होता. गाडी दिसली तशी बायका धावत आल्या. याडी स्वतःच्या पायानं उतरली, काठी टेकत मांडवापर्यंत गेली आणि खुर्चीत बसली. भाऊ तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. मी अंग चेपत कोपऱ्यात उभा राहिलो. मनातल्या मनात मी माझीच पाठ थोपटत होतो, नाकारत नाही.

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि निरोपाची वेळ आली. आमच्याकडं मुलगी सासरी निघाली की रडते, दोन-चार बायका डोळे पुसतात, गाडी सुटते. इथं मुलगी गाऊन रडते. एकेका माणसाच्या गळ्यात पडून, सूर लावून, त्याचं नाव घेऊन. त्या गाण्याला ते ढावलो म्हणतात. हे सूर ज्योतीला लहानपणी आत्यानंच शिकवलेले. प्रकाशनं सकाळपासून तिला दहादा बजावलं होतं: आत्याच्या गळ्यात नुसता हात टाकायचा, अंगावर भार द्यायचा नाही. तिनं दहाही वेळा हो म्हटलं होतं.

ती बापाच्या गळ्यात पडली, भावांच्या पडली. मग वळली. खुर्चीतल्या आत्याला बघितलं आणि तिचं गाणं मध्येच तुटलं. पोरगी चांगली अंगापिंडानं भरलेली, दागिन्यांसकट साठ किलो तरी असेल. धावत आली आणि सगळ्या अंगानं आत्याच्या छातीवर कोसळली. खुर्ची मागं सरकली. चार दिवस जो दणका मी घराघरानं बटण फिरवून चुकवत होतो, तो सगळाच्या सगळा एका क्षणात बसला. याडीचा चेहरा पिळवटला. प्रकाश ओरडला, मी उडी मारून पुढं झालो, ज्योतीच्या दंडाला धरलं.

याडीनं माझा हात बाजूला सारला. एका हातानं पोरीला घट्ट आवळली आणि दुसरा हात आमच्यापुढं आडवा धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "याच्याचसाठी तं आली मी."

आणि तिनं पोरीचा तुटलेला सूर उचलला. मी आणि प्रकाश जिथं होतो तिथंच खाली बसलो.